400 वर्षांची खोडाखोड

लहानपणी गड्ड्याच्या जत्रेला जायच्या आधी घरात यादी व्हायची. पाळणा, चिक्की, बांगड्या, बंदूक. आजोबा चष्मा लावून लाल पेन घेऊन बसत आणि बंदुकीवर हमखास काट मारत. दोन वर्षं हे बघितल्यावर आज्जीने यादीत एकच ओळ लिहिली: 'गड्डा, 200 रुपये'. आता खोडायचं तर अख्खी जत्राच खोडावी लागणार. सिद्धेश्वराची जत्रा खोडायची हिंमत सोलापुरात कोणाची?

सरकारी पैशात नेमका हाच डाव चालतो. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत गव्हर्नरला अर्थसंकल्पातली एखादी बाब तेवढी खोडून बाकीच्यावर सही करता येते. विस्कॉन्सिनमध्ये 1930 पासून हा अधिकार आणखी सैल आहे. तिथे वाक्यातले सुटे शब्दही खोडता येतात. त्यात काय एवढं, असं वाटेल. पण हे वाक्य बघा: 'निधी विहिरीला नाही, तर रस्त्याला द्यावा.' मधले तीन शब्द उडवा. 'निधी विहिरीला द्यावा.' पदरचं एक अक्षर न घालता निर्णय उलटा!

तिथले गव्हर्नर पुढे अक्षरं खोडून नवे शब्दच बनवू लागले. 1990 च्या घटनादुरुस्तीने ते बंद झालं. दोन-तीन वाक्यांचे तुकडे सांधून नवं वाक्य करायची सोय 2008 मध्ये गेली. आकडे मात्र राहून गेले. 2023 मध्ये गव्हर्नर टोनी एव्हर्स यांच्यापुढे आलेल्या विधेयकात शाळांना दर विद्यार्थ्यामागे दरवर्षी 325 डॉलर जादा उभारायची मुभा होती, '2024-25' या शैक्षणिक वर्षापर्यंत. त्यांनी त्यातला '20' आणि मधली आडवी रेघ खोडली. उरलं '2425'. दोन वर्षांची मुभा 400 वर्षांची झाली. एप्रिल 2025 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 4 विरुद्ध 3 मतांनी ही खोडाखोड चालवून घेतली.

विधिमंडळानेही आज्जीचीच वाट धरली. हे लाल पेन फक्त पैसे मंजूर करणाऱ्या विधेयकावर चालतं. म्हणून मुलांचं वाचन सुधारण्यासाठीचे 5 कोटी डॉलर आधी अर्थसमितीच्या ताब्यात ठेवले आणि नियमांचं विधेयक वेगळं आणलं. एव्हर्स यांनी त्यावरही पेन चालवलं. जून 2025 मध्ये न्यायालयाने एकमताने सांगितलं की या विधेयकात पैसे दिलेलेच नाहीत, तेव्हा काट मारायचा अधिकार नाही. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनाही असं पेन 1996 मध्ये मिळालं होतं. क्लिंटन यांनी 82 बाबी खोडल्या, आणि 1998 मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदाच रद्द केला.

आपल्याकडे गंमत उलटी आहे. धनविधेयक, म्हणजे कर आणि सरकारी खर्चाचं विधेयक, राष्ट्रपतींना फेरविचारासाठी परत पाठवता येत नाही, एकेक बाब खोडणं तर दूरच. कपात सूचना मांडतात खासदार. त्यांना मागणी कमी करायला सांगता येतं, वाढवायला नाही. मग सरकारच्या हातात काय राहतं? 'निधी मंजूर आहे, वितरित झालेला नाही.' हे वाक्य कुठल्याही सरकारी टेबलासमोर उभं राहिलेल्या माणसाने ऐकलेलं असतं. माझ्या मते आपला खरा नकाराधिकार तोच, आणि त्याला सहीसुद्धा लागत नाही.

सोलापूर महापालिकेत अंदाजपत्रक आयुक्त मांडतात, ते स्थायी समितीकडून महासभेत जातं. नगरसेवकांना तिथे भांडवली निधी हवा असतो. कामाचं नाव नाही, प्रभागाला ढोबळ रक्कम. म्हणजे 'गड्डा, 200 रुपये'! पण तिजोरीत खडखडाट आहे म्हणून फाईल थांबू शकते, आणि महासभेचा ठराव महापालिका कायद्याच्या कलम 451 खाली राज्य सरकारला विखंडित, म्हणजे रद्दही करता येतो. मार्च 2022 मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि आयुक्तच प्रशासक झाले. तेव्हा अंदाजपत्रक तयार करणारेही तेच होते, मंजूर करणारेही तेच.

एका साली ऐन गड्ड्याच्या वेळी, संक्रांतीला, आज्जी भावाकडे अक्कलकोटला होती. यादी आजोबांनीच केली. लाल पेन काढायची वेळच आली नाही. बंदूक यादीत नव्हतीच.