दातातली चांदी आणि पाठीवरची पॅच टेस्ट

गालाच्या आत पांढरी जाळी, तिखट लागलं की आग, आणि डॉक्टर पाठीवर चिकटपट्ट्या लावायला सांगतात. तोंडाच्या दुखण्याला पाठीची तपासणी कशाला, हा रुग्णाचा पहिला प्रश्न असतो. त्याचं उत्तर पाऱ्याच्या इतिहासात आहे.

एकोणिसाव्या शतकात पारा हे सर्रास औषध होतं. पाऱ्याच्या औषधाने एका रुग्णाच्या त्वचेवर पुरळ उठलं, तेव्हा त्वचारोगतज्ज्ञ योसेफ यादासोन यांनी तोच पदार्थ त्वचेच्या छोट्या भागावर मुद्दाम लावून पाहिला. १८९५ साली त्यांनी ही पद्धत मांडली. ॲलर्जी शोधणारी हीच आजची पॅच टेस्ट.

दातात भरायची ‘चांदी’ त्याआधीच आली होती. तिच्यात जवळपास निम्मा पाराच असतो. १८४०च्या दशकात अमेरिकेतल्या दंतवैद्यांच्या संघटनेने ती न वापरण्याची शपथ सभासदांकडून घेतली. पण ते भांडण विषबाधेवरून होतं. ॲलर्जीचा विचार तेव्हा कुणाच्या डोक्यात नव्हता. गालात अशी पांढरी जाळी उठवणाऱ्या आजाराला लायकेन प्लॅनस हे नावही त्वचारोगतज्ज्ञ इरॅस्मस विल्सन यांनी १८६९ मध्ये दिलं. काही चट्टे नेमके फिलिंगला टेकलेल्या जागीच उठतात, याकडे डॉक्टरांचं लक्ष गेलं ते बऱ्याच नंतर.

मग तोंडातच चाचणी का नाही? लाळ पदार्थ धुऊन नेते, शिवाय तिथे पट्टी टिकत नाही. म्हणून पाठ. पट्टी दोन दिवसांनी काढतात आणि पुन्हा चौथ्या दिवशी पाहतात. दातात वापरल्या जाणाऱ्या सोन्याची प्रतिक्रिया कधी आठवड्याने दिसते. १९७५ च्या सुमारास फिनलंडमधून तपासायचा पदार्थ भरून पाठीवर चिकटवायच्या ॲल्युमिनियमच्या छोट्या वाट्या आल्या, काम सोपं झालं, पण पारा ॲल्युमिनियमशी संयोग पावतो! त्यामुळे पाऱ्यासाठी प्लास्टिकचा थर दिलेल्या वाट्या लागतात.

पुढे दाताच्या रंगाचं फिलिंग आलं आणि तपासायच्या पदार्थांच्या यादीत ॲक्रिलेट या प्लास्टिकसारख्या रसायनांची भर पडली. त्यातलं हेमा (HEMA) हे रसायन आज नखांच्या जेल पॉलिशमध्येही असतं, म्हणजे ॲलर्जी पार्लरमधून दवाखान्यात येऊ शकते.

पाठीवर पुरळ आलं म्हणून सगळी फिलिंग उपटून काढणं मला घाईचं वाटतं. चट्टा फिलिंगला टेकलेला असेल तर बदलून बरेचदा गुण येतो. दोन्ही गालांवर सारखीच जाळी पसरलेली असेल तर फारसा नाही. आणि आपल्याकडे तंबाखू-गुटखा खाणाऱ्याच्या तोंडात पांढरा चट्टा दिसला, तर पॅच टेस्टच्या आधी बायोप्सीचा, म्हणजे चट्ट्याचा छोटा तुकडा काढून कॅन्सरसाठी तपासण्याचा, विचार व्हायला हवा.