बुडालेल्या मुलाला उलटं धरावं का?

‘पाण्यातून काढलेल्या मुलाला उलटं धरा, पोट दाबा, पाणी निघालं की शुद्ध येते’ हा सल्ला विहिरीच्या काठापासून सोसायटीच्या स्विमिंग पूलपर्यंत वर्षानुवर्षं चालत आलाय. देणाऱ्याची तळमळ खरीच असते. पण बाहेर पडतं ते बहुतेक पोटातलं पाणी, आणि जीव तर प्राणवायूवाचून अडलेला असतो. शिवाय पोट दाबल्यावर उलटी झाली, की ती श्वासनलिकेत जाऊ शकते. यात मिनिटं जातात. मेंदूला तेवढी सवड नसते.

नीट श्वास चालत नसेल तर मूल पाठीवर, हनुवटी वर, नाक चिमटीत आणि आधी तोंडाने श्वास. मग छातीवर 30 दाब, 2 श्वास, पुन्हा तेच. दुसऱ्याने लगेच 108 लावायचा. पडताळायचं तर प्रथमोपचाराच्या चांगल्या वर्गात विचारा. पोट दाबून पाणी काढू नका, हेच तिथे सांगतील.