४२९४९६७२९७ (पाचवी फर्मा संख्या)

४,२९,४९,६७,२९७ ही दहा अंकी विषम संख्या म्हणजे २^३२ + १. २^(२^न) + १ या रूपाच्या संख्यांना फर्मा संख्या म्हणतात. न = ० ते ४ घेतल्यास ३, ५, १७, २५७ आणि ६५५३७ मिळतात व त्या पाचही मूळ संख्या आहेत. म्हणून या मालिकेतील सर्वच संख्या मूळ असाव्यात, असे पिएर द फर्मा यांनी १६४० मध्ये मानले. न = ५ लाच (मोजणी शून्यापासून, म्हणून ही ‘पाचवी’) ते फसले: ४२९४९६७२९७ = ६४१ × ६७००४१७ हे लेओनार्ड ऑयलर यांनी १७३२ मध्ये दाखवले.

हा अवयव सापडायला फार भागाकार लागत नाहीत. या संख्येचा प्रत्येक मूळ अवयव १२८क + १ या रूपाचाच असतो (ल्युका, १८७८). अशा मूळ संख्यांत पहिली २५७. पण ती स्वतः फर्मा संख्या आहे आणि कोणत्याही दोन फर्मा संख्यांना १ खेरीज सामाईक विभाजक नसतो, म्हणून ती बाद. पुढची थेट ६४१.

भागाकार न करताही पडताळा घेता येतो. ६४१ = ५ × २^७ + १, म्हणजे ६४१ ने भागताना ५ × २^७ ची बाकी −१ धरता येते. चौथा घात केला की ५^४ × २^२८ ची बाकी १ येते. पण ६४१ = ५^४ + २^४ सुद्धा आहे; तेव्हा ५^४ च्या जागी −२^४ ठेवा. −२^३२ ची बाकी १, अर्थात २^३२ + १ ला ६४१ ने निःशेष भाग जातो.

६७००४१७ मूळ आहे. तिचे वर्गमूळ २५८९ पेक्षा कमी असल्याने ६४१, ७६९, ११५३ आणि १४०९ एवढेच भाजक तपासावे लागतात. बाक्या अनुक्रमे ४४, १२०, ३३४ आणि ६२२ येतात. त्यामुळे ४२९४९६७२९७ चे एकूण विभाजक चारच.

दोन वर्गांची बेरीज म्हणून ही संख्या दोन प्रकारे लिहिता येते: ६५५३६ व १ यांचे वर्ग, किंवा ६२२६४ व २०४४९ यांचे वर्ग. विषम मूळ संख्येला अशी मांडणी फार तर एकच असते. म्हणजे अवयव माहीत नसले तरी ही संख्या संयुक्त असल्याचे एवढ्यावरूनही सिद्ध होते.

मूळत्वाच्या फर्मा चाचणीत (संख्या ‘स’ मूळ असेल तर पाया^(स − १) ला तिने भागून बाकी १ यायला हवी) पाया २ घेतला तर मात्र हमखास फसगत होते. २^३२ ची बाकी −१, म्हणून २^६४ ची १. आणि स − १ म्हणून इथे येणारा घातांक २^३२ हा ६४ च्या पटीत असल्याने चाचणी ‘मूळ’ असाच कौल देते. फर्मा संख्यांसाठी पाया ३ घ्यावा (पेपँ, १८७७): संख्या मूळ असती तर ३^(२^३१) ची बाकी −१ आली असती; ती येत नाही, तेव्हा संख्या संयुक्त.

संगणकावर आणखी एक खाचखळगा आहे. ३२ बिटांच्या चिन्हरहित चलात ही संख्या मावत नाही, तिथे १ उरतो. ६४ बिट घेतले तरी या संख्येने भागताना सर्वांत मोठी बाकी २^३२ असते आणि तिचा वर्ग २^६४ नेमका एकाने मर्यादेबाहेर जाऊन ० होतो. ही बाकी म्हणजेच −१, चाचणीत जिची वाट पाहायची तीच. तिचा वर्ग १ असे वेगळे लिहावे, नाहीतर गुणाकार १२८ बिटांत करावा.