अ‍ॅडेलची अल्बर्ट हॉलची कॉन्सर्ट आणि पुढच्या अल्बमची ती लांबलचक वाट

ब्रिटिश गायिका अ‍ॅडेलचं नवीन काहीतरी येतंय अशी कुजबुज सुरू झाली की लोक हमखास ती २०११ ची लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलची कॉन्सर्ट परत लावून बसतात. तेव्हा ते रेकॉर्डिंग नेमकं कुठल्या परिस्थितीत झालं आणि त्यानंतरचा अल्बम यायला चार वर्षं का लागली ते जरा सविस्तर.

पोरगी लंडनच्या टॉटनहॅमची, जन्म १९८८ चा. पहिला अल्बम '१९' आला २००८ मध्ये, दुसरा '२१' जानेवारी २०११ मध्ये, आणि हे आकडे म्हणजे साधारण ती गाणी लिहितानाचं तिचं वय. फेब्रुवारीत ब्रिट अवॉर्ड्सला, म्हणजे ब्रिटनच्या संगीत पुरस्कारांना, ती नुसत्या पियानोच्या साथीवर 'समवन लाइक यू' गायली, ना डान्सर ना फटाके, आणि तिथून '२१' जो सुटला तो थांबायलाच तयार नाही. अमेरिकेत बिलबोर्डच्या अल्बम चार्टवर सगळे मिळून २४ आठवडे पहिला नंबर, जगभरात ३ कोटींच्या वर खप, आणि हे कधी, तर सीडी आता कोण घेतंय म्हणून सगळ्या म्युझिक कंपन्या रडत होत्या तेव्हा.

पण त्याच वर्षी तिचा आवाज सारखा दगा देत होता. उन्हाळ्यात घसा बसला म्हणून अमेरिकेचे शो रद्द झाले, मग सप्टेंबरमध्ये छातीत इन्फेक्शन, इंग्लंडातले काही शो पुढे ढकलले. मधल्या बऱ्या दिवसांत, २२ सप्टेंबर २०११ ला, ही अल्बर्ट हॉलची कॉन्सर्ट झाली आणि शूट झाली. हा हॉल १८७१ चा, पाच हजारांच्या आसपास माणसं मावणारा गोल. आपल्याकडे तो नाव ऐकून माहीत आहे तो लतादीदींमुळे, १९७४ मध्ये त्या तिथे गायल्या आणि त्या कार्यक्रमाची लाइव्ह रेकॉर्डही निघाली, कित्येक घरांत असेल ती अजून. असो.

डीव्हीडी बघितली नसेल तर एक सांगायला हवं, यात गाण्यांइतकीच मजा मधल्या बडबडीत आहे. बाई स्टेजवर येते, शिव्या काय देते, स्वतःच्याच जोकवर खदाखदा काय हसते, ज्या बॉयफ्रेंडने सोडलं त्याचे किस्से शेजारणीला सांगावेत तसे सांगते, आणि पुढच्या मिनिटाला तोंड उघडलं की अख्खा हॉल चिडीचूप. ब्रिटिश गायिका एमी वाइनहाउस जाऊन तेव्हा दोन महिनेच झाले होते, तर 'मेक यू फील माय लव्ह' हे बॉब डिलनचं गाणं तिने एमीच्या नावे केलं आणि लोकांना मोबाइल वर धरायला सांगितले. शेवटाकडे 'समवन लाइक यू' येतं, कोरस पब्लिकच उचलतं आणि ही डोळे पुसत ऐकत उभी राहते. स्टुडिओच्या रेकॉर्डिंगमध्ये हे कुठून येणार? माझ्या मते '२१' पेक्षा हे लाइव्ह व्हर्जनच जास्त खरं आहे, भांडायचं असेल त्याने खुशाल भांडावं.

आणि मग दोन आठवड्यांच्या आत बातमी आली, व्होकल कॉर्डमध्ये, म्हणजे स्वरतंतूंमध्ये, रक्तस्राव, आणि त्यापायी उरलेल्या वर्षाचे सगळे शो हळूहळू कॅन्सल. नोव्हेंबरच्या सुरुवातीला बॉस्टनला मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये डॉ. स्टीव्हन झाइटेल्स यांनी ऑपरेशन केलं. डीव्हीडी दुकानात आली नोव्हेंबरच्या शेवटी. तिकडे ख्रिसमसचा बाजार म्हणजे आपल्याकडे दिवाळी अंकांचा सीझन, तेव्हा काहीतरी काउंटरवर हवंच. म्हणजे लोक घरोघरी तिचा आवाज फुल व्हॉल्यूमवर ऐकत होते आणि ती स्वतः मात्र घसा जपत गप्प होती. कंपनीसाठी ती मधल्या वेळेची सोय असेल, पण गळा परत तसाच लागेल का हे कुणालाच माहीत नसल्यामुळे त्या रेकॉर्डिंगला आपोआप वेगळं वजन आलं.

गळा लागला. फेब्रुवारी २०१२ मध्ये ग्रॅमीला गायली आणि एका रात्रीत ६ अवॉर्ड घेऊन गेली. ऑक्टोबरमध्ये बाँडपटाचं 'स्कायफॉल' आलं, त्याच महिन्यात मुलगा झाला, पुढच्या वर्षी ऑस्कर. आणि मग शांतता. मे २०१४ मध्ये २६ वं लागताना तिने ट्विट टाकलं, पंचविशीला टाटा, वर्षाच्या शेवटी भेटू अशा अर्थाचं, झालं, सगळ्यांनी धरून चाललं की अल्बम आला, आणि ते अख्खं वर्ष कोरडं गेलं. मग ऑक्टोबर २०१५ मध्ये ब्रिटनच्या एक्स फॅक्टर या गाण्याच्या स्पर्धेच्या टीव्ही शोच्या ब्रेकमध्ये अर्ध्या मिनिटाची जाहिरात लागली, काळा स्क्रीन, त्यावर शब्द आणि नुसता आवाज, नाव कुठेच नाही. आवाज ओळखायला लोकांना कितीसा वेळ लागणार! पाचच दिवसांत 'हॅलो' आणि २० नोव्हेंबरला '२५'. पहिल्या आठवड्यात एकट्या अमेरिकेत ३३ लाखांवर कॉप्या, आधीचा रेकॉर्ड एनसिंक या अमेरिकन बॉय बँडचा, २००० सालचा, २४ लाखांचा. स्ट्रीमिंगवर तर '२५' सात महिने दिलाच नव्हता, ऐकायचाय तर विकत घ्या.

आता यात एक गंमत बघा. '२१' च्या वेळी लाइव्ह कॉन्सर्ट अल्बमच्या मागून आली, '२५' पासून उलटं झालं, आधी न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी हॉलमध्ये शो आणि तीन दिवसांनी अल्बम. २०२१ ला '३०' च्या आधीही तेच, लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ वेधशाळेबाहेरची कॉन्सर्ट टीव्हीवर लागली आणि पाच दिवसांत अल्बम बाहेर. वयाचे आकडे '२५' नंतर बंद म्हणाली होती, ते काही झालं नाही.

त्यानंतर लास वेगासचे शो, ऑगस्ट २०२४ मध्ये म्युनिकला १० शो, नोव्हेंबरमध्ये वेगासही संपलं. म्युनिकच्या आधीच तिने सांगून टाकलं होतं की नव्या गाण्यांचा सध्या काही प्लॅन नाही, मोठी सुट्टी हवीये. अल्बमांमधली अंतरं बघितली तर तीन वर्षं, मग जवळपास पाच, मग सहा, आणि '२५' काय '३०' काय, दोन्ही वेळा पक्की तारीख कळली ती जेमतेम महिनाभर आधी.