एकाच वर्षात दोन-तीन राज्यांत नोकरी : अमेरिकेतील राज्य आयकराचे विवरणपत्र

महाराष्ट्रात पगारदाराचा राज्याशी संबंध वर्षाला २,५०० रुपयांच्या व्यवसाय करापुरता येतो आणि पगारावरचा आयकर केंद्र सरकारच घेते. अमेरिकेत मात्र बहुतेक राज्यांचा स्वतःचा आयकर असल्याने, क्लायंट बदलला की गाव बदलणाऱ्या आपल्या आयटीतील मंडळींना केंद्राच्या १०४० विवरणपत्राखेरीज राज्यांचीही विवरणपत्रे भरावी लागतात.

वर्षभर ज्या राज्यात घर होते तेथे आपण निवासी ठरतो, वर्षाच्या मध्येच मुक्काम हलवला असल्यास दोन्हीकडे अंशकालीन निवासी, आणि केवळ कामापुरते जेथे गेलो तेथे अनिवासी. टेक्सास, फ्लोरिडा, वॉशिंग्टन, नेवाडा, टेनेसी, न्यू हॅम्पशायर, अलास्का, वायोमिंग आणि साउथ डकोटा या नऊ राज्यांत पगारावर आयकर नाही.

समजा, एखादी व्यक्ती ऑगस्टअखेरपर्यंत टेक्सासमधील डॅलसला होती आणि सप्टेंबरपासून न्यू जर्सीतील जर्सी सिटीत राहून न्यूयॉर्कमधील मॅनहॅटनच्या कार्यालयात जाऊ लागली. टेक्सासला काहीच भरायचे नाही. न्यूयॉर्कला अनिवासी म्हणून आयटी-२०३ आणि न्यू जर्सीला अंशकालीन निवासी म्हणून एनजे-१०४० भरावे लागेल. आधी केंद्राचे, मग अनिवासी राज्याचे आणि शेवटी निवासी राज्याचे विवरणपत्र तयार करावे, कारण न्यूयॉर्कला किती कर बसला हे ठरल्याशिवाय न्यू जर्सीत त्याची सवलत एनजे-सीओजे या परिशिष्टात मागता येत नाही. ही सवलत त्याच उत्पन्नावर न्यू जर्सीने आकारलेल्या करापेक्षा जास्त मिळत नाही. शिवाय न्यूयॉर्क आधी संपूर्ण वर्षाच्या उत्पन्नावर कर मोजते आणि मग त्यातला आपला हिस्सा काढते, त्यामुळे टेक्सासच्या पगारावर कर बसला नाही तरी त्यामुळे दर वाढू शकतो. केवळ स्वतःच्या सोयीसाठी घरून काम केलेले दिवसही न्यूयॉर्क सामान्यतः आपल्या राज्यातल्या कामाचेच धरते.

माझ्या मते सर्वाधिक घोळ डब्ल्यू-२ मुळे, म्हणजे नियोक्ता देतो त्या वर्षभराच्या पगाराच्या व कापलेल्या कराच्या प्रमाणपत्रामुळे होतो. त्यातील १५, १६ आणि १७ या रकान्यांत राज्य, तेथील पगार व कापलेला कर असतो. परंतु न्यूयॉर्कसमोर १६व्या रकान्यात वर्षाचा पूर्ण पगार छापला जातो, म्हणून सर्व राज्यांची बेरीज प्रत्यक्ष पगारापेक्षा मोठी दिसते. तो आकडा डोळे झाकून न घेता पगारपत्रकांवरून खरी विभागणी करावी. पत्ता बदलल्याचे वेळेत न कळवल्यास जुन्याच राज्याचा कर कापला जात राहतो. तो परत मिळवण्यासाठी त्या राज्यात विवरणपत्र भरावेच लागते.

शेजारच्या काही राज्यांचे आपसांत करार आहेत. न्यू जर्सीत राहून पेनसिल्व्हेनियात नोकरी करणाऱ्याने नियोक्त्याला आरईव्ही-४१९ हा अर्ज दिल्यास पगारावर न्यू जर्सीचाच कर लागतो. न्यूयॉर्कशी न्यू जर्सीचा असा करार नाही.

सर्व नियोक्त्यांचे डब्ल्यू-२, राज्यवार तपशील असलेली पगारपत्रके, दोन्ही घरांचे भाडेकरार, सोशल सिक्युरिटी क्रमांक, गेल्या वर्षीची विवरणपत्रे आणि कोणत्या दिवशी कोठे बसून काम केले याची नोंद जवळ असावी. ही नोंद वर्षअखेरीस आठवून लिहिण्यापेक्षा चालू वर्षातच ठेवलेली बरी. बहुतेक राज्यांची मुदत १५ एप्रिल असते, व्हर्जिनियाची १ मे. मुदतवाढ केवळ विवरणपत्रासाठी मिळते. देय कर मूळ तारखेलाच भरावा लागतो.