छतावरची वीज, स्वयंपाकघरातला गॅस आणि देशाची तेल-आयात
ग्राहकांसाठी माहितीपत्रक, पुणे

सौर संचाची चौकशी करताना आमचे बहुतेक ग्राहक बिल किती कमी होईल आणि खर्च किती वर्षांत वसूल होईल, हे विचारतात. हे प्रश्न रास्तच आहेत आणि त्यांची उत्तरे आम्ही प्रत्येकाच्या वीजबिलावरून काढून देतो. अलीकडे मात्र, आपल्या गच्चीवरील चार-सहा पॅनेलांमुळे देश ऊर्जेच्या बाबतीत खरोखर स्वावलंबी होईल का, असेही विचारले जाते. त्याचे उत्तर येथे सविस्तर देत आहोत, कारण संच किती क्षमतेचा घ्यावा आणि त्याबरोबर घरात काय बदलावे, हे त्यावरच ठरते.

२०४७ पर्यंत ऊर्जेत स्वयंपूर्ण होण्याचे उद्दिष्ट पंतप्रधानांनी १५ ऑगस्ट २०२१ रोजी जाहीर केले. आज आपल्याला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल, स्वयंपाकाच्या गॅसपैकी सुमारे ६० टक्के आणि नैसर्गिक वायूपैकी जवळपास निम्मा वाटा बाहेरून येतो. विजेचे तसे नाही. देशातील कोळशाचे उत्पादन २०२४-२५ मध्ये १०० कोटी टनांपलीकडे गेले असून चंद्रपूर आणि कोराडी येथील केंद्रांसह आपली बरीचशी वीज या कोळशावरच तयार होते. त्याला कोयनेच्या १,९६० मेगावॉट जलविद्युत प्रकल्पाची आणि साताऱ्याच्या पठारांवरील पवनचक्क्यांची जोड आहे. म्हणजे गच्चीवर वीज तयार करून आपण त्यावर केवळ दिवे, पंखे आणि फ्रीज चालवला, तर कोळसा वाचतो आणि हवा स्वच्छ राहते, आणि तेही मोलाचेच आहे. परंतु आखातातून येणारे तेल त्यामुळे फारसे कमी होत नाही. इराकने कुवेतवर हल्ला केल्यावर तेल महागले आणि १९९१ मध्ये देशाला सोने गहाण ठेवावे लागले, त्यामागे हेच परावलंबन एक मोठे कारण होते.

आयात कमी होते ती स्वयंपाक आणि वाहन विजेवर आणल्यावर. आमचे स्पष्ट मत आहे की सौर संच घेताना या दोन गोष्टींचा विचार त्याच वेळी करावा.

घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. शेगडीवर त्यातील बरीच उष्णता भांड्याच्या बाजूने निघून जाते, त्यामुळे एका सिलिंडरचा स्वयंपाक इंडक्शनवर साधारण १२५ ते १४० युनिटांत होतो. दूध, चहा, वरण-भाताचा कुकर, भाज्या उकडणे ही रोजची कामे त्यावर उत्तम होतात. भांड्याचा तळ मात्र सपाट आणि लोहचुंबक चिकटणारा हवा. साधा ॲल्युमिनियमचा कुकर त्यावर चालत नाही. भाकरी आचेवर फुगवायची असेल तर गॅसच हवा, म्हणून शेगडी काढून टाका असे आम्ही सांगत नाही. सिलिंडर दीड महिन्याऐवजी चार महिने पुरला, तरी मोठे काम झाले. इंडक्शनसाठी १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट आणि चांगले अर्थिंग आवश्यक आहे. जुन्या वाड्यांत आणि चाळींत वायरिंग आधी तपासून घ्यावे.

दुचाकीचा हिशोब सोपा आहे. १०० किलोमीटरला पेट्रोलची स्कूटर दोन लिटरहून थोडे अधिक पेट्रोल घेते, तर विजेची स्कूटर सुमारे तीन युनिट घेते. रात्री चार्ज केली तरी ती वीज मुख्यतः देशी कोळशाची किंवा धरणाच्या पाण्याची असते.

पुण्यात एका किलोवॅटच्या संचातून वर्षभराच्या सरासरीने दिवसाला सुमारे चार युनिट मिळतात; मार्च ते मे महिन्यांत अधिक आणि जून ते सप्टेंबरमध्ये बरेच कमी. समजा एका घराचा सध्याचा वापर महिन्याला २०० युनिट आहे. त्यासाठी २ किलोवॅट पुरतात. स्वयंपाकाचे ९० आणि स्कूटरचे २० युनिट मिळवले तर ३१० होतात, आणि त्याला ३ किलोवॅटचा संच योग्य ठरतो. त्याला साधारण ३०० चौरस फूट सावलीविरहित जागा लागते. वापरापेक्षा फार मोठा संच बसवू नये, कारण आपली जादा वीज महावितरणच्या तारांत जाते आणि आर्थिक वर्षाच्या शेवटी अशा शिल्लक राहिलेल्या युनिटांना मिळणारा मोबदला आपण भरत असलेल्या दरापेक्षा बराच कमी असतो.

केंद्र सरकारच्या पीएम सूर्यघर योजनेत घरगुती २ किलोवॅटच्या संचाला ६०,००० रुपये आणि ३ किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या संचाला ७८,००० रुपये अनुदान आहे. सोसायट्यांना लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातील दिवे अशा सामाईक वापरासाठी प्रति किलोवॅट १८,००० रुपये मिळतात. अनुदानासाठी पॅनेल आणि त्यातील सेल (उन्हापासून वीज तयार करणाऱ्या चकत्या) दोन्ही भारतात तयार झालेले असावे लागतात. असे पॅनेल आयात सेलच्या पॅनेलपेक्षा महाग पडते, तरीही ही अट आम्हाला योग्य वाटते. तेलाचे परावलंबन सोडून पॅनेलचे परावलंबन घेण्यात अर्थ नाही. बॅटरीच्या बाबतीत आपण अजून असे स्वावलंबी झालेलो नाही, म्हणून वीज क्वचितच जाणाऱ्या भागात आम्ही बॅटरी घेण्याचा आग्रह धरत नाही.

बॅटरीविना असलेला संच महावितरणची वीज गेली की आपोआप बंद होतो, मग बाहेर लख्ख ऊन असले तरी. हा बिघाड नव्हे. आपल्या संचाची वीज तारांत उलटी जाऊन खांबावर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवाला धोका होऊ नये, यासाठी ती सोय आहे.

उन्हाळ्यात पॅनेलवर धूळ बसते. ती सकाळी लवकर, पॅनेल गार असताना, नळाच्या पाण्याने आणि मऊ फडक्याने पुसावी. बोअरच्या पाण्याने क्षारांचे पांढरे डाग पडतात आणि ते नंतर सहज निघत नाहीत. कबुतरांसाठी पॅनेलखाली सुरुवातीलाच जाळी लावून घ्यावी.

पाहणीला आम्ही येऊ तेव्हा गेल्या बारा महिन्यांची वीजबिले किंवा ग्राहक क्रमांक, मंजूर भाराची नोंद, वर्षाला लागणाऱ्या सिलिंडरांची संख्या आणि गाडीचा महिन्याचा अंदाजे प्रवास ही माहिती तयार ठेवावी. सदनिका असल्यास गच्ची सामाईक असते, त्यामुळे सोसायटीच्या सभेचा ठराव किंवा संमतीपत्र आधी घ्यावे. त्याचा नमुना आमच्याकडे मिळेल.