टीएचसी : औषधी उपयोग आणि गांजाची तीव्रता

टीएचसी, म्हणजे डेल्टा-9-टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल, हे गांजाच्या झाडातील नशा आणणारे मुख्य द्रव्य. भांग, गांजा आणि चरस ही तीन नावे एकाच झाडाची आहेत. वाळवलेली पाने म्हणजे भांग, मादी झाडाचे फुलोरे म्हणजे गांजा आणि फुलोऱ्यावरच्या बारीक ग्रंथींतून पाझरणारी राळ म्हणजे चरस. टीएचसीचा खरा साठा या राळेत असतो. त्यामुळे चांगल्या फुलोऱ्यात ते 10 ते 12 टक्के असले, तरी पानांत 1-2 टक्केच भरते, खोडात फार तर 0.3 टक्के, आणि मुळांत नसल्यातच जमा. मादी फुलांवर पराग पडून बी धरले की राळ कमी होते. जुने लागवडदार नर झाडे हेरून उपटून टाकत ते याचसाठी.

मराठवाड्यात या झाडाची अंबाडीशी गल्लत होते. पान दुरून तसेच दिसते, आणि अंबाडीच्या एका जातीचे शास्त्रीय नाव ‘हिबिस्कस कॅनाबिनस’ पडले तेही या सारखेपणावरूनच. पान हातात घेतले की फरक कळतो. अंबाडीचे पान कितीही खोल कापलेले असले तरी पाते एकच असते आणि चवीला आंबट लागते. गांजाच्या पानात पाच-सात कातरलेल्या पर्णिका देठाच्या टोकाला सुट्या बसलेल्या असतात. अंबाडीच्या भाजीने कोणाला तार लागल्याचे ऐकिवात नाही.

तीव्रता म्हणजे काय

माल ‘कडक’ आहे असे गांजेकस म्हणतो, ते वासावरून, चिकटपणावरून किंवा पहिल्या झुरक्यावरून. औषधशास्त्र विचारते की एका ग्रॅममध्ये टीएचसी किती मिलिग्रॅम? 10 टक्क्यांच्या फुलोऱ्यात ते 100 मिलिग्रॅम असते, 4 टक्क्यांच्या फुलोऱ्यात 40. अमेरिकेत जप्त झालेल्या मालाचे सरासरी प्रमाण 1995 मध्ये सुमारे 4 टक्के होते, 2014 पर्यंत ते 12 टक्क्यांच्या आसपास गेले. पुडी तेवढीच, पण आतला ऐवज तिप्पट. ‘सटायव्हा’ आणि ‘इंडिका’ ही या झाडाच्या प्रकारांची नावे तीव्रतेचा अंदाज देत नाहीत.

टीएचसीच्या कॅप्सूलची औषधी सुरुवातीची मात्रा साधारण 2.5 मिलिग्रॅम असते. ज्वारीचा एक दाणा 25 ते 35 मिलिग्रॅम भरतो. म्हणजे 10 टक्क्यांच्या फुलोऱ्याचा एका दाण्याएवढ्या वजनाचा तुकडा हीच ती मात्रा झाली. चिमटीने इतके बारीक माप कोणालाच साधत नाही. आयुर्वेदी वैद्यकात भांगेच्या चूर्णाचे माप गुंजेवर आहे, एक ते दोन गुंजा, सुमारे 125 ते 250 मिलिग्रॅम. पानात 1 टक्का टीएचसी धरले तर हिशेब सव्वा ते अडीच मिलिग्रॅमवर येतो. रसायनशास्त्र हाती नसताना ठरलेले हे माप आजच्या कॅप्सूलच्या इतके जवळ यावे, ही दाद देण्याजोगी गोष्ट आहे.

माल जुना झाला की तीव्रता उतरते. ऊन, हवा आणि उष्णतेने टीएचसीचे सीबीएन (कॅनाबिनॉल) हे दुसरे द्रव्य बनते, आणि त्याची नशा फारच सौम्य असते. साध्या खोलीत वर्षभरात सुमारे सहावा हिस्सा जातो. परभणी-नांदेडकडच्या पत्र्याच्या खोलीत, मे महिन्यात, याहून लवकर जात असणार.

तूप, आच आणि उशीर

हिरव्या झाडात टीएचसी जवळजवळ नसतेच, असते त्याचे आम्ल, टीएचसीए. वरच्या टक्केवारीत हे आम्लही धरलेले आहे. आच लागली की त्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि टीएचसी तयार होते. चिलमीत हे क्षणात घडते. वैद्य भांगेचे शोधन करतात तेव्हा पाने आधी पाण्याने धुतात. हिरवे पाणी निघायचे थांबले की वाळवून मंद आचेवर गाईच्या तुपात परततात. आचेने आम्ल मोडते आणि टीएचसी तुपात उतरते, कारण ते पाण्यात विरघळत नाही, स्निग्धात विरघळते. अमेरिकी कॅप्सूलमध्येही ते तिळाच्या तेलात असते.

शार्ङ्गधर संहितेने भांगेला ‘व्यवायी’ म्हटले आहे. आधी सर्वांगात पसरते, मग पचते, असा त्याचा अर्थ. धुराला हे चपखल लागू पडते. फुप्फुसातून ते काही मिनिटांत मेंदूत पोचते आणि दोन-चार तासांत ओसरते. पोटातून घेतलेली भांग मात्र आधी यकृतातून जाते, तिथे तिच्यातल्या टीएचसीचे 11-हायड्रॉक्सी-टीएचसी बनते, आणि तेही नशा आणते. असर दिसायला अर्धा ते दोन तास लागतात आणि तो सहा-आठ तास टिकतो. महाशिवरात्रीला परळी, औंढा किंवा वेरूळच्या वाटेवर भांगेचा घोटा घेतलेला माणूस अर्ध्या तासाने ‘काहीच चढली नाही’ म्हणत दुसरा पेला मागतो, तो याच उशिराला फसलेला असतो.

औषधी उपयोग

1839 मध्ये कोलकात्यात डब्ल्यू. बी. ओ’शॉनेसी यांनी धनुर्वात आणि बालकांच्या झटक्यांवर भांगेचे प्रयोग नोंदवले. टीएचसी वेगळे काढण्याचे श्रेय इस्रायलचे राफाएल मेशूलम आणि येहिएल गाओनी यांचे (1964). शरीर स्वतःच बनवते अशा मिळत्याजुळत्या द्रव्याला 1992 मध्ये ‘आनंदामाइड’ हे नाव मिळाले, संस्कृत ‘आनंद’वरून.

ड्रोनाबिनॉल, म्हणजे कृत्रिमरीत्या बनवलेले टीएचसी, अमेरिकेत 1985 पासून किमोथेरपीनंतरच्या उलट्यांवर आणि 1992 पासून एड्समधील भूकमांद्यावर मंजूर आहे. मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजारात स्नायू ताठरतात, त्यावर तोंडात मारायचा फवारा आहे. त्याच्या एका फवाऱ्यात 2.7 मिलिग्रॅम टीएचसी आणि 2.5 मिलिग्रॅम सीबीडी (याच झाडातले, पण नशा न आणणारे द्रव्य) असते. प्रौढांच्या जुनाट वेदनेवरही उपयोगाचे पुरावे आहेत. काचबिंदूत डोळ्याचा दाब उतरतो खरा, पण तीन-चार तासच, म्हणून ते उपचार म्हणून टिकले नाही. लहान मुलांच्या काही दुर्धर अपस्मारांवर 2018 मध्ये अमेरिकेत मंजूर झालेले औषध सीबीडीचे आहे, टीएचसीचे नव्हे. ‘गांजाने फिट थांबते’ असे सांगणारे हा फरक गाळतात.

आयुर्वेदात विजया नावाने भांग ग्रहणी, अतिसार, निद्रानाश यांवर येते. जातीफलादि चूर्ण हे तिचे ओळखीचे रूप. औषध नियमांच्या ई-1 अनुसूचीत भांग विषारी द्रव्यांत मोडते, म्हणून अशी औषधे वैद्याच्या देखरेखीखालीच घ्यायची असतात.

तीव्रता वाढते तसा धोका वाढतो. रोजच्या वापरात 10 टक्क्यांहून कडक माल असणाऱ्यांत मनोविकृतीचे प्रमाण अधिक आढळते. किशोरवयीन मुले, गरोदर स्त्रिया, हृदयरोगी आणि घरात स्किझोफ्रेनिया असलेले यांनी दूरच राहावे. उलट्या थांबवणारे हे द्रव्य वर्षानुवर्षे घेणाऱ्या काहींना उलट्यांचाच विकार जडतो, आणि त्यांना गरम पाण्याच्या अंघोळीनेच तेवढा आराम पडतो.

कायदा आणि वजनकाटा

ब्रिटिश सरकारने नेमलेल्या 1893-94 च्या हेम्प ड्रग्ज कमिशनने बेताच्या वापरावर सरसकट बंदीची गरज नाही असे मत दिले होते. आज लागू असलेल्या 1985 च्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्यात गांजा म्हणजे फुलोरा किंवा फळे धरलेले शेंडे. शेंड्यांशिवायची पाने आणि बी व्याख्येबाहेर आहेत. म्हणून महाराष्ट्रात भांग मोकळी आहे असे नाही, 1949 चा दारूबंदी कायदा तिला आहेच. गांजाची 1 किलोपर्यंतची मात्रा ‘अल्प’ आणि 20 किलोंपुढची ‘व्यावसायिक’ धरतात. व्यावसायिक मात्रेला किमान 10 वर्षे सक्तमजुरी होते.

या भागात तुरीच्या किंवा उसाच्या पाटांत लपवलेली झाडे सापडतात, तेव्हा ती मुळासकट उपटून ओलीच काट्यावर ठेवली जातात. मुळाची माती, खोड, पाने आणि शेंडे एकत्रच मोजले जातात. पुढे न्यायालयात बचावाचा वकील विचारतो, यातले शेंडे किती किलो? टीएचसी किती टक्के, हा प्रश्न काट्यापाशी कोणी विचारत नाही, कारण गांजाच्या बाबतीत कायद्याला वजन लागते, टक्केवारी नाही.